उचंत खात्यातील एक नोंद

मराठी भाषेने शंकेला पालीचे रूप दिले आहे. एखाद्या गोष्टीविषयी मन साशंक झाले की मनात शंकेची पाल चुकचुकली, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्ष पाल पिढ्यान्‌पिढ्या आपल्या भिंतींवर राहत आली, तरी तिच्याकडे ममतेने पाहणारे विरळाच. ती अंगावर पडली तर पंचांगात त्याचे फळ शोधले जाते; स्वयंपाकघरात दिसली तर भांडी झाकली जातात. जैन घरांत तिला कोणी मारत नाही, सुपलीवर किंवा जाड कागदावर घेऊन गॅलरीबाहेर सोडून देतात, इतकेच. त्यामुळे पालीच्या कुळातील एका जिवासाठी एखाद्या कुटुंबाने नऊ आठवडे काळजीत काढावेत आणि त्याच्या जाण्याने घरातील चारही माणसे मनातून खचावीत, हे ऐकून काहींना नवल वाटेल, काहींना कदाचित हसूही येईल.

पुण्यातील बिबवेवाडी भागातील एका व्यापारी घरात हे घडले. घरात दादी, मुलगा, सून आणि नववीत शिकणारी नात. मुलाचा मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार. मुलीच्या मामांच्या परिचयातील एक तरुण उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाला होता. त्याने सांभाळलेला ‘क्रेस्टेड गेको’ त्याला सोबत नेता येत नव्हता आणि ठेवून घेणारे कोणी मिळत नव्हते. अशा परदेशी जिवाला मोकळे सोडणे म्हणजे त्याला मरणाच्या तोंडी देणे, हे कळल्यावर दादींनीच होकार दिला. पांजरपोळीला वर्षानुवर्षे चारा पाठवणाऱ्या घराने दारी आलेला जीव परत पाठवायचा कसा, एवढाच त्यांचा विचार होता. आषाढातील एका संध्याकाळी काचेची पेटी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आली. त्याच्या रंगावरून मुलीने त्याचे नाव ‘बदाम’ ठेवले.

हा प्राणी मूळचा न्यू कॅलेडोनियाचा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस प्रशांत महासागरात असलेला हा फ्रेंच बेटसमूह. १८६६ मध्ये शास्त्राने या जातीची नोंद केली. पुढे ती नामशेष झाली असेच दीर्घकाळ मानले जात होते. १९९४ मध्ये ती पुन्हा आढळली आणि त्यानंतरच्या काळात जगभरच्या घरांत पोहोचली. डोळ्यांवर पापण्यांच्या केसांसारखी दिसणारी टोकदार किनार, पण हलणाऱ्या पापण्या मात्र नाहीत. त्यामुळे हा प्राणी स्वतःचे डोळे जिभेने चाटून स्वच्छ ठेवतो. आपल्या भिंतीवरच्या पालीची तुटलेली शेपटी पुन्हा वाढते, याची वाढत नाही. बदाम या घरी आला तोच बिनशेपटीचा. नीट सांभाळले तर हा जीव पंधरा-वीस वर्षे जगतो. त्याला चोवीस-पंचवीस अंशांची हवा मानवते, तीस अंशांच्या वरचा उन्हाळा सोसत नाही आणि रोज रात्री पाण्याचा बारीक फवारा लागतो.

या जातीला निसर्गात पिकलेली फळे, फुलांतील मध आणि कीटक असा मिश्र आहार मिळतो. पाळलेल्यांना पाण्यात कालवायची तयार पूड देतात. फळांवर जगणारा प्राणी म्हणून घर निश्चिंत होते. पण पाकिटे उलटी करून घटक वाचण्याची सवय जैन घरांना वेगळी लावावी लागत नाही. तरुणाने दिलेल्या डब्यावरील बारीक अक्षरे नातीने वाचली तेव्हा त्यात वाळवलेल्या कीटकांची पूड निघाली. त्या रात्री घरात बराच वेळ बोलणे झाले. एका पंचेंद्रिय जिवाला जगवण्यासाठी चतुरिंद्रिय जीव विकत आणायचे का, हा दादींचा प्रश्न. त्या प्राण्याने हा धर्म स्वीकारलेला नाही, त्याचे पोट त्याच्या जातीचे आहे, हा नातीचा प्रश्न. दोन्ही प्रश्न खरे होते. अखेर दूध-प्रथिनांवर आधारलेली, कीटक आणि अंडे नसलेली दुसरी पूड शोधून काढण्यात आली. बदामने ती आवडीने खाल्ली. आला तेव्हा त्याचे वजन ४१ ग्रॅम होते; पर्युषणापर्यंत ते ४३ ग्रॅम झाले.

ही वजने इतकी नेमकी सांगता येतात, कारण मुलीने पहिल्या आठवड्यापासून वही घातली होती. घरच्या नात्यातल्या एका सराफाने वापरातून काढलेला छोटा काटा दिला होता. दर रविवारी सकाळी वजन, त्यापुढे खाल्ले किंवा नाही, कात टाकली किंवा नाही आणि खोलीचे तापमान, अशा चार रकान्यांची ती वही म्हणजे वडिलांच्या रोजमेळाची धाकटी बहीणच होती.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी ३९ हा आकडा पडला. पुढच्या रविवारी ३७. वाटीतली पूड सकाळी जशीच्या तशी दिसू लागली. रात्री काचेवर चढणारा बदाम सालीच्या तुकड्याआड दिवसरात्र बसून राहू लागला. पुण्यात सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक मोजकेच. त्यांपैकी एकाकडे मुलीला आणि पेटीला घेऊन वडील दुकान लवकर बंद करून जाऊ लागले. विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, जंत किंवा परजीवी आढळले नाहीत. क्ष-किरण चित्रात हाडे ठीक होती, पोटात काही अडकलेले नव्हते. तोंडात जखम नव्हती. त्वचेखाली द्रव देण्यात आला, जीवनसत्त्वे झाली, ड्रॉपरने पातळ आहार सुरू झाला. एकदा वजन दीड ग्रॅमने वाढले आणि त्या दिवशी दादींनी घरात लापशी करायला सांगितली. पुढच्या रविवारी ते पुन्हा उतरले.

असे का होते, हे पशुवैद्यकांनी त्या कुटुंबाला समजावून सांगितले. रानात दुबळा दिसणारा जीव पहिल्यांदा भक्ष्य होतो. म्हणून हे प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतात. त्यांचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते, चयापचय मंद असतो. आत काही बिघडले तरी ते बाहेर दिसायला आठवडे जातात. चाळीस ग्रॅमच्या देहातून तपासणीसाठी फार तर ०.४ मिलिलिटर रक्त काढता येते, तेही निरोगी असताना. आजारी जिवातून तेवढेही घेणे धोक्याचे. आणि घेतलेच, तरी त्या आकड्यांची तुलना कशाशी करायची? माणसाच्या किंवा गाईच्या रक्ताची प्रमाणे पुस्तकांत पानोपानी आहेत. या जातीविषयीची माहिती अजून तोकडी आहे. औषधांच्या मात्राही बऱ्याचदा दुसऱ्या प्राण्यांवरून बेतलेल्या असतात. हे सारे सांगून झाल्यावर त्यांनी स्पष्ट म्हटले, “मी उपचार करतो आहे, पण कशावर करतो आहे, हे मला माहीत नाही.”

या वाक्याचा त्या कुटुंबाला पुढे फार आधार झाला. त्या दिवशी मात्र ते कोणालाच सोसले नाही.

पौषात थंडी वाढली. तापमान नेमके राखणारी उबदार गादी पेटीखाली होतीच. एका पहाटे दादी सामायिकासाठी उठल्या तेव्हा बदाम पेटीच्या तळाशी, डोके एका बाजूला कलंडून पडलेला दिसला. त्यांनी कोणालाही हाक मारली नाही. पेटीजवळ बसून त्या हलक्या आवाजात नवकार म्हणत राहिल्या. होरपळलेल्या नागाला पार्श्वकुमारांनी नवकार ऐकवल्याची कथा ज्या घरांत लहानपणापासून सांगितली जाते, त्या घरातील वृद्ध स्त्रीला याहून वेगळे काही सुचण्याचे कारणही नव्हते. घर जागे झाले तेव्हा सर्व संपले होते. वहीतील शेवटचा आकडा २९ होता.

दुःख करायलाही त्या सकाळी सवड मिळाली नाही, कारण लगेच एक निर्णय घ्यायचा होता. कारण जाणून घ्यायचे असेल तर शवविच्छेदन हा एकच मार्ग उरला होता. देह गोठवून चालत नाही, गोठल्याने पेशी फुटतात. तो थंड ठेवून शक्यतो एका दिवसात पोहोचवावा लागतो. घरच्या फ्रिजमध्ये मृत देह ठेवणे या स्वयंपाकघरात शक्य नव्हते. सून खाली जाऊन थर्माकोलचा डबा आणि बर्फ घेऊन आली. मुलीला त्या लहानशा देहावर सुरी चालणे असह्य होत होते. वडिलांना वाटत होते की कळले तर दुसऱ्या कोणाचा जीव वाचेल. निर्णय मुलीवर सोडण्यात आला. दुपारी बारा वाजता तिने हो म्हटले.

या निर्णयाचे मोल समजण्यासाठी आपल्याच देशातील एक मोठी घटना आठवावी. १९९०च्या दशकात भारतातील गिधाडे मरू लागली. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ही घट प्रथम ठळकपणे नोंदली गेली. झाडांवर माना टाकून बसलेले पक्षी एकेक करून खाली पडत होते. विषाणू असावा, कीटकनाशक असावे, अन्नाची टंचाई असावी, असे अनेक तर्क झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घसरली, तरी कित्येक वर्षे कारण हाती लागले नाही. अखेर पाकिस्तानात मृत पक्ष्यांच्या शवविच्छेदनातून त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे, अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचल्याचे दिसले आणि त्याचा माग घेत संशोधक डायक्लोफिनॅकपर्यंत पोहोचले. गुरांना दिले जाणारे हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून करुणेने दिलेले औषध आभाळातील जीव मारत होते, आणि मेलेले देह तपासले गेले नसते तर ते कधी कळलेही नसते.

पुणेकरांना अधिक जवळची घटना जुलै २०२५ मधील आहे. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात काही दिवसांच्या अंतराने एकामागून एक चितळे दगावली. सुरुवातीचे दिवस केवळ तर्काचे होते. शवविच्छेदन झाले, नमुने तज्ज्ञ प्रयोगशाळांकडे गेले, तेव्हा लाळ्या-खुरकूत रोगाचे निदान झाले. अशा ठिकाणी उत्तर मिळते, कारण त्या रोगाचा अभ्यास कित्येक दशके झालेला असतो, तपासण्या तयार असतात. कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीतील २९ ग्रॅमच्या जिवामागे ज्ञानाची एवढी शिदोरी नसते.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. यकृतात किंचित बदल, जे दीर्घ उपासमारीनेही होऊ शकतात. संसर्गाची खूण नाही, गाठ नाही. शेवटच्या ओळीत मृत्यूचे कारण निश्चित करता आले नसल्याचे नमूद होते.

शंकेच्या पालीची चुकचुक खरी सुरू झाली ती त्यानंतर. घर शांत होते, कोणी कोणाला बोल लावत नव्हते. परंतु प्रत्येकाच्या मनात एक स्वतंत्र खटला चालू होता. सुनेला वाटत होते, दिवाळीपूर्वी घराला रंग दिला, त्याचा वास बाधला असेल. वडिलांना ऑक्टोबरमधील एक दुपार आठवत होती. वीज दोन तास गेली होती आणि ते दुकानात असल्याने पेटी सावलीत हलवायला घरी कोणी नव्हते. मुलीच्या मनात भाऊबीजेची संध्याकाळ होती. मावसभावंडांना दाखवताना बदामने तिच्या खांद्यावरून फरशीवर उडी मारली होती. आणि दादी रोज रात्री एकच विचार करीत होत्या, की कीटकांची पूड आपण बंद करवली. एक हिंसा टाळताना आपल्या हातून दुसरी घडली तर नाही ना? पहिला डबा चालू ठेवला असता, तरी त्यांना त्या कीटकांचे पाप टोचलेच असते. दोन्ही बाजूंनी दोष आपलाच, अशा कोंडीत ती वृद्ध स्त्री महिनाभर एकटी होती. त्यांचे जेवण कमी झालेले सुनेच्या लक्षात आले, तेव्हा कुठे त्या बोलल्या. एक बोलल्यावर बाकीचेही बोलले.

त्यानंतर चौघेही मिळून पशुवैद्यकांकडे गेले. उपचार करण्यासारखे काही उरले नव्हते. तरी त्यांनी तासभर दिला. प्रत्येकाची शंका त्यांनी वहीसमोर ठेवून तपासली. रंगकामानंतर दोन आठवडे वजन स्थिर होते. वीज गेली त्या दिवसाच्या नोंदीत खोलीचे तापमान अठ्ठावीसच्या वर गेलेले नव्हते. उडी हा या जातीचा स्वभाव. क्ष-किरणात इजा दिसली नव्हती. पूड बदलल्यानंतर वजन उतरले नव्हते, दोन ग्रॅमने वाढले होते. “म्हणजे आहाराचा दोष नव्हता?” दादींनी विचारले. पशुवैद्यकांनी खोटा दिलासा दिला नाही. ते म्हणाले, “तसे वाटत नाही, दादी, पण शपथेवर सांगता येणार नाही. हा जीव तुमच्याकडे येण्यापूर्वीच आजार घेऊन आला असण्याचीही शक्यता आहे. जे माहीत नाही, ते तुमच्या नावावर लिहू नका.”

परतताना गाडीत वडिलांनी मुलीला व्यापारातली एक जुनी रीत सांगितली. पेढीवर कधी अशी रक्कम येते, की ती कोणाची, कशापोटी, हे समजत नाही. अडाणी मुनीम ताळा जुळवण्याच्या घाईत ती कोणाच्या तरी नावे टाकून मोकळा होतो. त्या दिवसापुरता मेळ बसतो, पण एका माणसाचे खाते कायमचे खोटे होते. जाणता मुनीम ती उचंत खात्यात ठेवतो. ती नोंद पुसली जात नाही, विसरलीही जात नाही. पुरावा मिळाला तर योग्य खात्यात जाते, न मिळाला तर तिथेच राहते. अशी नोंद असणे हा वहीचा कमीपणा मानला जात नाही.

मुलीचे रडणे यामुळे थांबले नाही, थांबावे असे कोणी म्हटलेही नाही. त्या घराने यानंतर काही साध्या गोष्टी पाळल्या, त्या इतर घरांनाही उपयोगी पडाव्यात. ‘एवढीशी तर पाल होती’ हे वाक्य कोणी पाहुण्याने उच्चारले तर घरातील मोठी माणसे तिथेच विषय थांबवीत. ‘दुसरा आणून देऊ’ असे आश्वासन मुलीला कोणी दिले नाही. मूळ तरुणाला परदेशी सविस्तर पत्र गेले, अहवालासह. त्याचे उत्तर मुलीने जपून ठेवले आहे. संवत्सरीला दादींनी ज्यांची क्षमा मागितली त्यांत बदामही होता. आणि क्षमा मागणे म्हणजे न सिद्ध झालेला गुन्हा कबूल करणे नव्हे, हेही त्यांनीच नातीला समजावले.

एक गोष्ट मात्र या कुटुंबाने ठरवून टाकली. जगण्यासाठी दुसऱ्या जिवाचा आहार लागणारा, आपल्या हवेत न रुजणारा आणि ज्याच्या आजारावर शहरात दोन-तीन माणसेच बोलू शकतात असा प्राणी हौसेने घरी आणायचा नाही. दारी आला तर पाठवायचा नाही. आणायला जायचे मात्र नाही. ज्यांच्या घरी मुले असा हट्ट धरतात, त्यांनी किंमत विचारण्यापूर्वी तो काय खातो, किती वर्षे जगतो आणि आजारी पडला तर कोणाकडे न्यायचा, हे तीन प्रश्न विचारावेत.

काचेची पेटी वर्षभर कोपऱ्यात रिकामी होती. विकत घेणारे दोघे-तिघे येऊन गेले. मुलीने ती पशुवैद्यकांना दिली. उपचारासाठी राहणाऱ्या लहान सरपटणाऱ्या रुग्णांसाठी ती आता त्यांच्या दवाखान्यात वापरली जाते. तिच्यासोबत त्या वहीची एक प्रतही गेली. एका निरोगी आणि पुढे आजारी पडलेल्या क्रेस्टेड गेकोची सलग सहा महिन्यांची वजने, तापमानासह, त्यांना यापूर्वी कोणी आणून दिली नव्हती. असा जीव घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते आता तशीच वही घालायला सांगतात. मुलीने मूळ वहीत अहवालानंतर पाचवा रकाना आखला आहे. त्यावर शीर्षक आहे ‘कारण’, आणि खाली एकच शब्द, ‘उचंत’.